नॉब म्हणतो २००, आत १६०: गॅस ओव्हनची नोंदवही

गेले तीन महिने माझा ब्रेड वरून पांढराफटक राहत होता. २०० अंश सेल्सिअसवर ३५ मिनिटांत व्हायला हवा तो लोफ ५० मिनिटं ठेवला तरी रंग नाही, कवच मात्र जाडजूड, म्हणजे भाजला नाही तर वाळला. यावर मी काय केलं, तर नॉबवर परमनंट मार्करने स्वतःच्या खुणा केल्या. २०० हवं असेल तर २४० पर्यंत फिरव, १८० हवं असेल तर २१५. काम भागत होतं. नंतर २४० च्या खुणेवरही ब्रेड फिका निघायला लागला तेव्हा म्हटलं आता बसून नीट बघू.

पहिला दिवस

आधी थर्मामीटरवरच संशय घेतला. आत टांगायचा जो गोल डायलवाला असतो तो माझ्याकडे होता, पण तो दाराजवळ टांगलेला आणि दार उघडलं की काटा झोपतो, त्यात काचेतून बघताना वाचायलाही धड जमत नाही. म्हणून मल्टिमीटरला लावायचा के टाइप थर्मोकपल (टोकाशी तापमान मोजणारी वायर) काढला. बर्फाच्या पाण्यात धरला तर १, उकळत्या पाण्यात शंभरच्या जरासा खाली, म्हणजे तो ठीक. (उकळायचा आकडा उंचीप्रमाणे थोडा बदलतो, त्यामुळे अगदी १०० आला नाही म्हणून प्रोब फेकू नका.) त्याची वायर बारीक असते, दाराच्या पट्टीतून आत जाते आणि दार नीट लागतं. टोक मधल्या जाळीच्या मधोमध, जाळीला टेकणार नाही असं तारेने बांधलं.

नॉब २०० वर. १० मिनिटांनी १४१. १५ मिनिटांनी १५८. २० मिनिटांनी १६४. आणि मग पुढचा अर्धा तास १५५ ते १६८ च्या मध्ये झोके घेत राहिला.

दुसरा दिवस

हा दिवस नुसता बघण्यात गेला, पण खरं उत्तर इथेच मिळालं. पहिल्या दिवशी मी फक्त आकडे बघत होते, आज खाली वाकून तळाच्या पत्र्याच्या भोकांतून ज्योत बघत बसले. माझा ओव्हन साधा, मेकॅनिकल थर्मोस्टॅटचा (नॉबमागचा, तापमान बघून गॅस कमीजास्त करणारा भाग), त्यात ठरलेल्या तापमानाला पोचल्यावर ज्योत विझत नाही, बारीक होते. आणि माझ्याकडे ती सतराव्या मिनिटालाच बारीक झाली! आत जेमतेम १६० आणि थर्मोस्टॅटच्या मते काम झालं.

यावरून बऱ्याच गोष्टी एका फटक्यात बाद होतात. जेट (बर्नरला गॅस सोडणारं बारीक भोक) तुंबला असता, गॅसचा दाब कमी असता किंवा दाराची पट्टी गेली असती, तर तापमान चढलं नसतं हे खरं पण ज्योत बिचारी मधेच बारीक झाली नसती, कारण थर्मोस्टॅट अजून मागतच असतो. इथे ज्योत निळी, स्थिर, मोठी होती आणि मग स्वतःहून बारीक झाली. ज्योत विझली तर गॅस बंद व्हावा म्हणून बर्नरपाशी जो सेफ्टीचा थर्मोकपल असतो तो बिघडला तर गॅस सरळ बंद होतो, बारीक होत नाही, म्हणून तोही नाही. तरी दाराची कागदाची टेस्ट केली, चारी बाजूंनी कागद अडकवून ओढला, सगळीकडे घट्ट. करायची गरज नव्हती पण हात शिवशिवत होते.

मग राहिला थर्मोस्टॅट. इथे मी जवळजवळ नवीन ऑर्डर करणार होते, कारण सगळे म्हणतात "थर्मोस्टॅट गेला". पण जरा विचार करा. आत पेन्सिलीसारखा जो तांब्याच्या रंगाचा बल्ब असतो त्यात द्रव भरलेलं असतं, ते तापून फुगतं, बारीक नळीतून थर्मोस्टॅटमधल्या पडद्याला ढकलतं आणि गॅसची वाट अरुंद होते. आता हे द्रव गळून गेलं तर ढकलायला काहीच उरत नाही, मग ज्योत बारीकच होणार नाही आणि ओव्हन वेड्यासारखा तापत जाईल. माझं तर बरोब्बर उलटं होतं. म्हणजे बल्ब जिवंत आहे, फक्त त्याला ओव्हनमधल्या हवेपेक्षा जास्त ऊब लागतेय. कुठून?

तिसरा दिवस

ओव्हन पूर्ण गार, गॅसचा कॉक बंद, जाळ्या बाहेर, टॉर्च घेऊन डोकं आत. बल्ब मागच्या भिंतीवर वरच्या बाजूला दोन क्लिपांमध्ये आडवा असायला हवा. दोन्ही क्लिपा रिकाम्या. बल्बचं एक टोक खाली लोंबकळत तळाच्या पत्र्याला टेकलेलं, बरोबर बर्नरच्या वर. म्हणजे हा बाबा आख्ख्या ओव्हनचं नाही, तापलेल्या पत्र्याचं तापमान सांगत होता.

हे कोणी केलं असेल? तीन महिन्यांपूर्वी ब्रशने खसाखसा घासून आतून ओव्हन चकाचक केला होता मीच.

वर क्लिपमध्ये बसवायला दोन मिनिटं लागली. नळी मात्र हळू हाताळा, ती दुमडली किंवा चिरली तर मग खरोखरच नवीन थर्मोस्टॅट घ्यावा लागेल. बल्बवर तुपकट काळा थर होता, तो ओल्या फडक्याने हलक्या हाताने पुसला, कारण थर असला की बल्बला बातमी उशिरा कळते आणि झोके मोठे होतात.

परत नॉब २००. २२ मिनिटांनी ज्योत बारीक झाली, आकडा २०९. नंतर १९१ ते २११ मध्ये ये-जा, सरासरी २०० च्या आसपास. या जातीच्या ओव्हनला एवढे झोके माफ आहेत.

चौथा दिवस

बिस्किटं. १८० हवं होतं, सवयीने हात माझ्या मार्करच्या खुणेवर गेला. २१५. नऊ मिनिटांत कोळसा.

सहावा दिवस

आता उष्णता सगळीकडे सारखी आहे का ते बघितलं. साध्या ब्रेडचे काप जाळीभर एकमेकांना चिकटून लावायचे, १८० वर रंग येईपर्यंत ठेवायचे आणि फोटो काढायचा, नकाशाच तयार होतो. माझ्याकडे मागचे काप तपकिरी, पुढच्या डाव्या कोपऱ्यातले पांढरे. कारण तळाच्या पत्र्यावर डाग पडू नयेत म्हणून अंथरलेली ॲल्युमिनियम फॉइल, तिने त्याच कोपऱ्यातली भोकं झाकली होती. ही फॉइल नुसती भाजणं बिघडवत नाही, बर्नरच्या हवेची वाट अडली तर ज्वलन अर्धवट होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो, त्यामुळे कोणी अंथरत असाल तर आजच काढा. काढल्यावर कोपरा सुधारला, मागची बाजू अजून थोडी पुढे आहे, त्यासाठी अर्ध्यात ट्रे फिरवते.

अजून न सुटलेलं: मेरांगसाठी (अंड्याचा पांढरा भाग आणि साखर फेटून भाजतात ते) ११० हवं असतं आणि माझा ओव्हन १३८ च्या खाली उतरतच नाही. ज्योत बारीक झाल्यावर ती किती बारीक हे थर्मोस्टॅटवरचा बायपास स्क्रू ठरवतो, आणि पाइपच्या गॅसवरून सिलिंडरच्या गॅसवर आणताना जेट बदलतात तसा हा स्क्रूही बसवून घ्यावा लागतो. माझा बहुतेक तसाच राहून गेलाय. या स्क्रूला मात्र मी हात लावणार नाही, जास्त आवळला तर बारीक ज्योत दार आपटल्यावर विझू शकते, तेव्हा ते काम मेकॅनिकचं. तोवर मेरांग बंद.

काल नॉबवरच्या मार्करच्या खुणा स्पिरिटने पुसायला घेतल्या. खुणा गेल्या, सोबत छापलेले १६० आणि १८० पण गेले.