डिकीतला नाका

मे महिन्यात आमची जुनी पद्मिनी मोटार घेऊन पुण्याहून देवगडला जायचं ठरलं की आमच्या घरात दोन याद्या होतात, एक माणसांची आणि एक गाडीची. माणसांच्या यादीवरून कोणी भांडत नाही. चार कपडे, टोप्या, आईची औषधं, चार्जर. त्यातलं काही राहिलंच तर कणकवलीत मिळतं. गाडीच्या यादीतलं राहिलं तर ते कणकवलीत मिळत नाही, कोल्हापुरात मिळेलच असं नाही आणि हल्ली पुण्यात नाना पेठेतसुद्धा दोन-चार दुकानं पालथी घालावी लागतात. मग एखादे वयस्कर दुकानदार माळ्यावरून खोकं काढतात, धूळ फुंकतात आणि किंमत सांगायच्या आधी विचारतात, “कुठल्या सालची आहे हो? चालते अजून?”

बाबा याच गाडीतून याच रस्त्याने जायचे तेव्हा त्यांच्याकडे स्टेपनी, जॅक, प्लग पाना आणि पाण्याचा एक डबा एवढाच ऐवज असायचा. बाबा काही बेफिकीर नव्हते. रस्ताच तसा होता. शिरवळ, सातारा, कराड, प्रत्येक नाक्यावर एक टपरी, एक पंक्चरवाला आणि एक मिस्त्री हे ठरलेलं. मिस्त्रीला गाड्या दोनच माहीत असायच्या, फियाट आणि अँबेसिडर. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून ही गाडी १९६४पासून फियाट ११०० या नावानं आणि १९७४पासून पद्मिनी या नावानं निघत होती. आतलं १०८९ सीसीचं इंजिन मुळात तेच. त्यामुळे एकदा हात बसला की मिस्त्रीला जन्मभर पुरायचा. बॉनेट उघडायच्या आधीच, नुसत्या आवाजावरून, तो पोऱ्याला म्हणायचा, “दहा-अकराचा पाना आण.”

आणि या सगळ्याला पोसत होत्या मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या. टॅक्सी रोज धावते, म्हणजे रोज झिजते, म्हणजे तिचा माल दुकानात रोज खपतो. आमच्यासारख्या हौशी लोकांची गाडी वर्षातून एक कंडेन्सर, म्हणजे ठिणगीच्या यंत्रणेतला एक छोटासा भाग, खाणार. तेवढ्यासाठी कोण माल ठेवतो? शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३पासून ती मुंबईच्या रस्त्यावरून गेली. तेव्हा पेपरांत हळहळ व्यक्त करणारे लेख आले. माझ्या डोक्यात पहिल्यांदा आली ती कंडेन्सरची काळजी.

नाक्यावरचा मिस्त्री काही त्या दिवशी गेला नाही, तो आधीच हळूहळू जात होता. आता त्याच जागी काचेचं शोरूम असतं, कोल्ड कॉफी मिळते. मध्ये एकदा हायवेवर गाडी थांबली तेव्हा शेजारच्या वर्कशॉपमधला एक मुलगा आपणहोऊन मदतीला आला. बॉनेटमध्ये बराच वेळ कौतुकानं पाहत राहिला आणि म्हणाला, “काका, ह्याला कॉम्प्युटरचा स्कॅनर कुठे लावायचा?” मुलगा गुणी होता. धक्का त्यानंच मारला. पण यापुढे नाका रस्त्यावर मिळणार नाही, तो डिकीत घालून न्यावा लागेल, हे मला तेव्हा पटलं.

तर त्या नाक्यात पहिला मान डेल्कोच्या पुडीला. प्लगांना पाळीपाळीनं वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला डेल्को म्हणायचं ही मिस्त्री लोकांची रीत आता आमच्याही तोंडी बसली आहे. त्याच्या टोपणाखाली दोन पॉइंट असतात, ते सतत उघडझाप करतात आणि त्यांच्या उघडण्यावर प्रत्येक प्लगची ठिणगी अवलंबून असते. ते जळून काळे पडले की गाडी आधी आचके देते, मग गप्प होते. झिरो नंबरचा पॉलिश पेपर घ्यायचा, हलक्या हातानं घासायचे, आणि दोघांच्या मधलं अंतर व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढं ठेवून स्क्रू आवळायचा. फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, माझ्याकडे आहे, पण घाटात उन्हाच्या तिरिपीत ती पाती डोळ्यांना दिसत नाहीत, कार्ड दिसतं. म्हणून पुडीत पॉइंटचा नवा सेट, पेपर, रोटर, टोपण आणि एका बँकेच्या विमा प्रतिनिधीचं कार्ड. त्या गृहस्थांकडून मी विमा घेतला नाही, पण त्यांच्याइतका उपयोग दुसऱ्या कुठल्या प्रतिनिधीचा मला झालेला नाही.

कंडेन्सर मात्र दोन. तो दुरुस्त होत नाही, पूर्वसूचना देत नाही, गरम झाल्यावर मरतो आणि गार झाल्यावर थोडा वेळ जिवंत असल्याचं नाटक करतो. शिवाय नव्या मालाचा भरवसा नाही. यातला एक तरी आधी गाडीला लावून, शहरात आठवडाभर चालवून, उतरवून ठेवलेला असावा. कोरा करकरीत कंडेन्सर पाकिटात घेऊन निघणारा माणूस नुसता आशावादी असतो.

त्यानंतर कापड. हे ऐकून लोक हसतात, पण डिकीतली सगळ्यात कामाची वस्तू कुठली असं विचारलंत तर मी जुना सुती पंचा असंच सांगेन. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनालाच बसवलेला असतो आणि तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. हल्लीच्या गाड्यांत पंप टाकीतच असतो आणि तो पेट्रोल पुढे ढकलतो. फरक वाचायला किरकोळ वाटतो. मे महिन्यात चढावर इंजिन तापलं की पंपातल्या आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. पंप बिचारा वाफच ओढत बसतो. सेल्फ फिरतो, बॅटरी ठणठणीत, टाकीत पेट्रोल, आणि गाडी सुरू होत नाही. अशा वेळी नवखा माणूस सेल्फ मारमारून बॅटरी उतरवतो. जाणता माणूस पंचा भिजवतो, पिळतो, पंपावर आणि नळीवर गुंडाळतो आणि चहाचा थर्मास काढतो. वीसेक मिनिटांत गाडी काही घडलंच नाही अशा थाटात सुरू होते. तोच पंचा घडी करून रेडिएटरच्या झाकणावर धरायचा, तोच अंगाखाली घालायचा. हात पुसायला दुसरा घ्यावा, हे आमच्या घरच्यांचं म्हणणं आहे आणि ते रास्त आहे.

पाण्याचे पाच-पाच लिटरचे दोन डबे. ते प्यायचे नाहीत, गाडीचे, असं त्यावर मार्करनं लिहिलेलं असावं, नाहीतर साताऱ्यापर्यंत मुलं संपवतात. बोअरचं पाणी टाळावं, रेडिएटरमध्ये क्षार धरतात. आणि गाडी तापली म्हणून तापल्या इंजिनात गार पाणी बदाबदा ओतू नये, हेड म्हणजे इंजिनाचा वरचा ठोकळा तडकतो. थांबावं, निवू द्यावं, मग इंजिन चालू ठेवून धार बारीक सोडावी. रेडिएटर ठिबकत असेल तर चमचाभर हळद टाकावी, हा उपाय आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. हळद बारीक भोकात जाऊन बसते हे खरं, पण पुढे ती नको तिथेही बसते. आमच्या मिस्त्रींनी एकदा रेडिएटर उघडून आतला पिवळा गाळ मला दाखवला आणि म्हणाले, “साहेब, भाजी छान झाली असेल.” तरीही पुडी न्यावी. घरी पोचणं महत्त्वाचं, मिस्त्रींचं बोलणं नंतर ऐकून घेता येतं. पेट्रोलच्या टाकीला पाझर फुटला तर कपडे धुण्याच्या साबणाची वडी ओली करून त्यावर घट्ट दाबून बसवायची. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. म्हणून साबण. एम-सील आहेच.

फॅन बेल्ट तुटला तर पंखा, पाण्याचा पंप आणि डायनॅमो तिघं एकदम संपावर जातात, तेव्हा एक बेल्ट जास्तीचा. नायलॉनचा मोजा बांधून गाडी गावापर्यंत नेता येते म्हणतात. तसं करून दाखवलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. आणि आता नव्यानं भर पडली आहे ती रबराची. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं, त्या काळच्या रबराला ते मानवत नाही. पंपातला पडदा कडक होतो, नळ्या फुगतात, भेगाळतात. इथेनॉलला चालणारी हातभर नळी, चार क्लिपा, पंपाचा पडदा आणि पेट्रोलचा फिल्टर एवढं बाबांच्या यादीत कधीच नव्हतं.

न्यायचं नाही ते सुद्धा सांगतो. सिलिंडर हेडचं गॅस्केट, म्हणजे हेडखालचं पॅकिंग, बरेच जण हौसेनं बरोबर घेतात. रस्त्याच्या कडेला हेड उतरवणार आहात का? नाही ना? मग ते घरी भिंतीवर लावा. तीच गोष्ट मोठ्या टूलकिटची. आपल्या गाडीचं जे काम आपण स्वतःच्या अंगणात एकदा तरी केलंय, तेवढ्याच कामाची हत्यारं डिकीत असावीत. बाकी लोखंड म्हणजे ओझं, आणि चाळीसेक हॉर्सपॉवरच्या गाडीला खंबाटकी घाटात ते जाणवतं.

जगातल्या पहिल्या लांबच्या मोटारप्रवासात तर डिकीच नव्हती. ऑगस्ट १८८८मध्ये बर्था बेंझ बाई नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मॅनहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर, तीनचाकी मोटारीनं माहेरी गेल्या. इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेनं मोकळी केली. इंधन विस्लोखच्या औषधाच्या दुकानातून घेतलं. ब्रेक झिजले तेव्हा मोच्याकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. मोटारीसाठी म्हणून रस्त्यावर काहीच नव्हतं, तरी गावातल्या कारागिरांवर भागलं. आमचीही गत आता फिरून तशीच होत चालली आहे. मिस्त्री नसेल, पण घाटाखालच्या फोंड्याला सायकलवाला आहे, पंपवाला आहे, पुठ्ठा कापून देणारा आहे. त्यांच्याशी बोलायला चार सुटी वाक्यं आणि सुटे पैसे हवेत. फोनवर पैसे जातात, पण घाटात रेंज जाते.

माणसांचं खाणं थांबण्याच्या हिशेबानं बांधावं. नव्या गाडीत लोक जिथे पोचायचंय तिथल्या जेवणाचा विचार करतात. आमच्याकडे आई दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि कैरीच्या पन्ह्याचा थर्मास देते, कारण हे सगळं करंजाच्या सावलीत, प्लेटी न काढता, एक हात ग्रीसनं माखलेला असतानाही खाता येतं. सतरंजी हवीच. आधी तिच्यावर मी गाडीखाली झोपतो, मग ती उलटी करून सगळे बसतात.

कागदांची पिशवी वेगळी आणि हाताशी. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरसीचं नूतनीकरण, शिवाय पीयूसी, विमा. पन्नास वर्षं पुरी झाली की विंटेज म्हणून नोंदता येते, पण मग रोजच्या रस्त्यावर मनमोकळं फिरता येत नाही, म्हणून आम्हाला त्या मानाची घाई नाही. पोलीस अडवतात ते बहुतेकदा फोटो काढायला. तरीही कागद दाखवावेत. कौतुकाचा सूर कुठल्या क्षणी बदलेल सांगता येत नाही.

जाताना हे सारं डिकीत नीट बसतं. खरी परीक्षा परतीची, कारण फोंडा घाट तेव्हा चढायचा असतो आणि गाडीत माणसांइतकेच आंबे असतात. पाच डझनांची एक पेटी डिकीत गेली की डेल्कोची पुडी सीटखाली येते, दुसरी गेली की पाण्याचे डबे मुलीच्या पायाशी येतात, तिसरीला जागा नाही असं मी दरवर्षी निक्षून सांगतो आणि मामी दरवर्षी ती मागच्या सीटवर ठेवून सीटबेल्ट कुठाय म्हणून शोधते. फणस टपावर. दोरी दुहेरी बांधा, आणि उतारावर ब्रेक मारण्याआधी पुढच्या काचेवर काय येऊ शकतं याचा विचार करून मारा.