40 पौंडांना गहाण

शनिवार, रात्री 11

अंगातली थंडी अजून जात नाही. दुपारी वेस्ट ऑकलंडला फुटबॉलची मॅच बघायला गेलो होतो. इंग्लंडमधल्या डरॅम परगण्यातलं हे गाव आमच्या डार्लिंग्टनपासून जवळच, पण तीन वर्षांत जाणं झालं नव्हतं. नॉर्दर्न लीग या छोट्या क्लबांच्या स्पर्धेतली मॅच, माणसं दोनशेही नसतील. कठड्याला टेकून उभं राहिलं की विंगवरून धावणाऱ्या पोराची धाप ऐकू येते. लहानपणी बाबांबरोबर कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीची मॅच बघायचो, तसली गर्दी इथे नाही. पण पास चुकला की खेळाडूला नाव घेऊन झापणारे म्हातारे इथेही आहेत, आणि ते ऐकून मला फार बरं वाटलं.

वेस्ट ऑकलंडचा क्लब 1893 चा. 2012 आणि 2014 ला एफए व्हाज या छोट्या क्लबांच्या चषकाच्या फायनलसाठी लंडनच्या वेम्बली स्टेडियमला गेले, दोन्हीदा हरले. पण गावाचा जीव अडकलाय तो त्याच्याही शंभर वर्षं आधीच्या चषकात.

लिप्टन चहावाले सर थॉमस लिप्टन यांनी 1909 मध्ये इटलीत तुरिनला देशोदेशीच्या क्लबांची स्पर्धा भरवली. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने संघ पाठवायला नकार दिला. मग गेले कोण, तर वेस्ट ऑकलंडचे कोळसा खाणीतले कामगार! आमंत्रण खरं वूलिच आर्सेनलला (म्हणजे आजच्या आर्सेनलला) होतं, 'डब्ल्यू. ए.' या आद्याक्षरांच्या घोटाळ्यात इकडे आलं, अशी एक गोष्ट सांगतात. तिला पुरावा नाही, आणि मला ती आवडतही नाही. खाणीतली माणसं एवढ्या लांब जाऊन जिंकतात, हे कुणाला तरी पचत नसणार. श्टुटगार्टच्या संघाला त्यांनी 2-0 ने हरवलं, फायनलला स्वित्झर्लंडच्या विंटरथूरलाही 2-0. 1911 ला परत गेले आणि फायनलमध्ये युव्हेंटसला 6-1! युव्हेंटस तेव्हा आजच्याएवढा मोठा नव्हता, हे मान्य. तरी सहा गोल ते सहा गोल.

दोनदा जिंकल्यामुळे चषक कायमचा त्यांचा झाला. पण प्रवासाच्या खर्चाने क्लब कर्जात बुडाला, आणि तोच चषक गावातल्या व्हीटशीफ हॉटेलच्या मालकिणीकडे 40 पौंडांना गहाण पडला.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आजीच्या पाटल्या आठवल्या. थोरल्या काकांच्या शिक्षणासाठी तिने त्या सराफाकडे ठेवल्या होत्या. गुळाचे पैसे आले की सोडवू, असं आजोबा दरवर्षी म्हणायचे. गुळाचे पैसे यायचे आणि दुसऱ्याच कशात तरी जायचे. भाकरी थापताना आजी मधेच थांबायची आणि पिठाच्या हाताने कोपराकडे काहीतरी सरकवल्यासारखं करायची. हातात तर काचेच्या दोन बांगड्याच असायच्या. पाटल्या शेवटपर्यंत आल्या नाहीत.

वेस्ट ऑकलंडने आपला चषक सोडवला. 1960 मध्ये, जवळजवळ 50 वर्षांनी, 100 पौंड मोजून. मग 1994 ला तो गावातल्या वर्किंग मेन्स क्लबमधून, म्हणजे कामगारांच्या क्लबमधून, चोरीला गेला, आणि अजून सापडलेला नाही. पुढे हुबेहूब तसाच दुसरा करून घेतला. गावाच्या मधल्या हिरवळीवर त्या विजयाचं स्मारक म्हणून पुतळा आहे. मॅच सुटल्यावर त्याच्याशी बराच वेळ उभा होतो. गार धातूला हात लावून बघितला.

बसथांब्यावरून बाबांना फोन लावला. तिकडे झोपायची वेळ झाली होती, तरी फुटबॉल म्हटल्यावर उठून बसले. 6-1 ऐकून "काय सांगतोस!" म्हणाले. मग गहाणाचं सांगितलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत.

"मग सोडवला का न्हाई त्यांनी?"

"सोडवला, बाबा. 1960 ला."

"किती मोजले?"

"100 पौंड."

"झ्याक केलं," म्हणाले. चोरीचं मी सांगितलं नाही.