निरंक

तासगाव तालुक्यातल्या त्या गावाच्या वेशीवर ‘तंटामुक्त गाव’ अशी कमान आहे आणि मी तिथे पहिल्यांदा गेले ती त्या कमानीमुळेच. शांतता, लोकशाही आणि सामाजिक समावेशन हा माझा अध्यापनाचा विषय आहे. वर्गात तो शिकवायचा आणि सुट्टीच्या दिवशी सांगली-साताऱ्याच्या गावांत जाऊन तंटामुक्ती समित्यांच्या बैठकांना बसायचे, असा माझा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली. ती सुरू करणारे तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील हे याच तालुक्यातल्या अंजनीचे, त्यामुळे इथे त्या मोहिमेविषयी वेगळी आपुलकी आहे. शिवाय गावातला न्याय गावातच करण्याची आठवण या मातीत आणखी जुनी आहे. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने गावोगाव न्यायदानाचे काम केले, तेव्हा तासगावचा हा मुलूख सातारा जिल्ह्यातच होता.

मला त्या गावाची यशोगाथा लिहायची होती. समितीच्या अध्यक्षांनी मोठ्या विश्वासाने नोंदवह्या माझ्यापुढे ठेवल्या. दिवाणी, महसुली, फौजदारी आणि इतर अशा प्रकारांत तंटे नीट मांडलेले होते. बांधाची भांडणे, भावकीतल्या वाटण्या, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, सासू-सुनांच्या कुरबुरी. दोन दिवस मी ती पाने वाचत होते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या लक्षात आले की ओढ्यापलीकडच्या दलित वस्तीतल्या माणसाने केलेली एकही तक्रार त्यांत नाही. अध्यक्षांना विचारले, तर ते समाधानाने म्हणाले, “वस्ती एकदम शांत आहे, मॅडम. त्यांचं निरंक असतं.”

वस्तीवर गेले तेव्हा एका वयस्कर बाईंनी त्या निरंकाचा अर्थ सांगितला. “तंटा बरोबरीच्यांत हुतो, ताई. आमी कुणाशी तंटायचं? सकाळी त्येच्याच बागंत कामाला जायचं असतंय.” शांततेचे अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी १९६९ साली मांडलेला भेद मी दर वर्षी फळ्यावर लिहिते: मारहाण, रक्तपात नसणे ही नकारात्मक शांतता आणि समाजरचनेतच मुरलेला अन्याय नसणे ही सकारात्मक शांतता. त्या बाईंच्या दोन वाक्यांनंतर तो भेद मी पूर्वीसारखा शिकवू शकलेले नाही.

तक्रार अर्थातच होती. वस्तीच्या स्मशानभूमीकडे जाणारी जुनी पायवाट एका द्राक्षबागायतदाराने नांगरून बागेत घेतली होती आणि पावसाळ्यात अंत्ययात्रा ओढ्यातून न्यावी लागत होती. मी मध्यस्थीला बसले. बागायतदार, समितीचे अध्यक्ष आणि वस्तीतले तीन कर्ते पुरुष यांच्याशी वेगवेगळे बोलून मी तडजोडीचा मसुदा तयार केला: बागेला हात न लावता ओढ्याच्या कडेने मुरूम टाकून पर्यायी वाट करायची. सगळे हो म्हणाले. बायकांना मी विचारले नाही. अंत्ययात्रेची वाट हा पुरुषांचा विषय आहे, असे मी काहीही विचार न करता धरून चालले होते आणि या व्यवसायात इतकी वर्षे घालवलेल्या माणसाकडून ही चूक व्हायला नको होती.

ती चूक १४ ऑगस्टला महिला ग्रामसभेत उघडी पडली. नेहमीच्या ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. पुष्कळ ठिकाणी वही घरोघर फिरवून सह्या घेतल्या जातात आणि सभा झाली असे लिहिले जाते. या गावच्या सरपंच महिला राखीव जागेवर निवडून आल्या होत्या आणि सभा खरोखर घ्यायचीच, असा त्यांचा आग्रह होता. मसुदा वाचून होताच वस्तीतली एक तिशीतली बाई उभी राहिली. “ह्याला आमी कधी हो म्हटलं? माझी सासू गेली तवा ओढ्याला कमरेएवढं पाणी हुतं. खांदा दिलेला माझा पोरगा त्यात घसरला. तुमच्या कागदात पर्यायी वाट लिवलंय, ती वाट न्हाई, ओढा हाय.” मग एकेक करून बायका बोलू लागल्या. तिरडी सावरताना कोण पडले, रात्रभर पाणी ओसरायची वाट पाहत मृतदेह कसा घरात ठेवावा लागला, हे मला महिनाभराच्या मध्यस्थीत कुणीही सांगितले नव्हते. मी उभी राहून तो मसुदा मागे घेत असल्याचे सांगितले. अध्यक्ष नाराज झाले. स्वातंत्र्यदिनाच्या ग्रामसभेत गावाची अब्रू जाईल, असे त्यांनी मला बाहेर बोलावून बजावले आणि त्यांचे म्हणणे मला नुसते आडमुठेपणाचे वाटले नाही. तंटामुक्तीच्या पुरस्काराचे ते गाव त्यांनी खपून उभे केले होते.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभा नेहमीप्रमाणे मंदिराच्या सभामंडपात व्हायची होती. तिथे वस्तीतली माणसे पायरीखाली उभी राहतात. त्यांना कुणी मज्जाव केलेला नसतो, तरी ती वर येत नाहीत. झेंडावंदन झाल्यावर सरपंचांनी, कुणालाही कारण न सांगता, सभा शाळेच्या पटांगणातच होईल असे जाहीर केले आणि सतरंज्या अंथरायला लावल्या. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी कमी असेल ती संख्या गणपूर्तीला लागते. त्या दिवशी गणपूर्तीसाठी ताटकळावे लागले नाही. महिला सभेची शिफारस सरपंचांनी स्वतः वाचली.

तलाठ्यांनी गाव नकाशा आणला होता. नकाशात पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवतात आणि ती रेषा बागायतदाराच्या गटातून स्मशानभूमीपर्यंत स्पष्ट गेलेली होती. जुना रस्ता अडवला असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदार तो मोकळा करून देऊ शकतात, हेही तलाठ्यांनी सांगितले. बागायतदार उठला. अवकाळीने गेलेली दोन पिके, मंडपाच्या तारा आणि खांबांसाठी काढलेले कर्ज, आणि वाट सोडायची तर वेलींची एक अख्खी ओळ जाणार, हे तो चढ्या आवाजात सांगत होता. शेवटी शेवटी त्याचा आवाज उतरला. हा माणूस दुष्ट आहे असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. तासभराने तो म्हणाला की माल उतरला की ओळ काढतो, तोवर पावसाळ्यात बागेतून जायला आडकाठी करणार नाही.

मला वाटले, झाले. ग्रामसेवकांनी ठराव लिहून मोठ्याने वाचला: वस्तीच्या विनंतीवरून संबंधित बागायतदाराने मोठ्या मनाने वाट दिली. आदल्या दिवशीची तीच बाई पुन्हा उभी राहिली. “दिली न्हाई. हुती ती मोकळी केली, असं लिवा.” पटांगणात गलका झाला. एवढ्या तेवढ्या शब्दावरून मिटलेले पुन्हा उकरू नका, असे बरेच जण म्हणाले, आणि खरे तर वस्तीतलेही दोघे तिला खाली बसायला सांगत होते. ती बसली नाही. वाटेच्या आणि बागेच्या प्रश्नापेक्षा त्या एका क्रियापदावर जास्त वेळ गेला असेल. दिलेली वाट उद्या परत घेता येते, मोकळी केलेली घेता येत नाही, हे तिने सांगितले नाही. तिला ते सांगावे लागले नाही. सभेत बोलणे हे माझे काम नव्हते, म्हणून मी गप्प राहिले आणि ते गप्प राहणे मला फार जड गेले. अखेर सरपंचांनी ग्रामसेवकांकडून वही मागून घेतली, ‘विनंतीवरून’ आणि ‘मोठ्या मनाने’ हे शब्द खोडले आणि ‘नकाशाप्रमाणे असलेली वाट मोकळी केली’ असे लिहायला लावले. ठराव हात वर करून मंजूर झाला. समितीच्या वहीत वस्तीकडून आलेला पहिला तंटा नोंदला गेला, प्रकार महसुली.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात डॉ. आंबेडकरांनी सांगितले होते की राजकारणात आपण समता स्वीकारू, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील. त्याचा अर्थ मला ऑक्टोबरात कळला. फळछाटणी उरकून बागांत फूट काढायला आणि डिपिंगला, म्हणजे घड औषधाच्या द्रावणात बुडवायला, बायका लागू लागल्या, तेव्हा त्या बागायतदाराने वस्तीतल्या कुणालाच बोलावले नाही. त्याच्या भावकीतल्या आणखी दोघांनीही बाहेरगावची टोळी आणली. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे, हे मी बायकांना समजावून सांगितले. त्यांना पोलीस नको होते. त्या समितीकडे गेल्या, मीही सोबत होते. अध्यक्ष बराच वेळ काही बोलले नाहीत. कामाला कुणाला लावायचे हा ज्याचा त्याचा प्रश्न, यात तंटा कसला, असे एक सदस्य म्हणाले.

“तंटाच हाय,” ती बाई म्हणाली. “दोन नंबरला लिवा.”

अध्यक्षांनी कपाटातून वही काढली, ‘इतर’ या प्रकाराखाली तारीख घातली आणि तिला विचारले, “काय लिहू? तुझ्या शब्दांत सांग.”