वर पाह्यलं नव्हतं काय?

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते सर्वांत तापणारे नऊ दिवस, तोंडावर आला की आमच्या गल्लीत निरोप येतो: उद्या नऊ ते दोन लाईन बंद. नागपुरात मे महिन्यात पाच तास कूलर बंद म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. पहिल्या वादळात फांद्या हेलकावतात, दोन तारा एकमेकींना भिडतात, ठिणग्या उडतात आणि डीपीवरचा फ्यूज जातो. म्हणून छाटणी आधीच. पुढे कूलर चालावा म्हणून आज कूलर बंद, आणि कूलर नसला की जिथे बसायचं, ती सावलीच आज उतरवायची! आम्ही म्हातारे तिच्यातच खुर्च्या टाकून ती आक्रसताना बघत बसतो.

फाटकासमोरचा कडुनिंब माझ्या हातचा. लावला तेव्हा गुडघ्याएवढा होता. यंदा शिडीवरून लाईनमननं विचारलं, "काकाजी, लावतानी वर पाह्यलं नव्हतं काय जी?"

नव्हतं. खड्डा खणणारा माणूस खालीच बघतो. मुरूम लागला का, शेणखत पुरेल का, गाय तोंड घालेल का, एवढ्याच काळज्या. वर तारा तेव्हाही होत्या. आठ मीटरचा खांब, त्याचा साधारण सहावा हिस्सा जमिनीत. म्हणजे तारा वीस-बावीस फुटांवर. कडुनिंब सहज पन्नास फूट जातो. हे गणित चौथीतल्या पोराला सुटलं असतं. मी तीस वर्षं बँकेत व्याजाचे हिशेब केले.

आता झाडाच्या डोक्यावर मधोमध भांग आहे आणि भांगातून तारा जातात. छाटणाऱ्यांतही फरक असतो. जाणता माणूस जाड फांदीला आधी खालून थोडा काप देतो, मग वरून कापतो. नाहीतर फांदी पडताना बुंध्याची साल सोलत नेते. नुसता शेंडा उडवणाऱ्याचं काम लवकर होतं, पण त्या जागी केरसुणीसारखे धुमारे फुटतात आणि पुढच्या मेपर्यंत पुन्हा तारेला हात लावतात. वर ते धुमारे जोडाला कच्चे. वादळात तेच आधी मोडतात.

पाला मात्र वाया जात नाही. वर्षाचे गहू भरायचे हेच दिवस, त्यामुळे बायका टोपल्या घेऊन हजर. सावलीत वाळवलेला पाला कोठीत गेला की सोंडे लांब राहतात. उरलेल्यावर बकऱ्या. यंदा एका बेचक्यात कावळ्याचं घरटं निघालं. काड्या कमी, तारेचे तुकडेच जास्त. लाईनमन खालच्या पोऱ्याला म्हणाला, "यानं तं आपली लाईनच टाकून ठेवली बे!" घरटं रिकामं असावं असं आम्ही धरून चाललो होतो, तेवढ्यात कावळीनं त्याच्या हेल्मेटवर चोच मारली. ती फांदी राहिली. तारेपासून लांब होती म्हणूनही राहिली असेल.

संपूर्ण झाडच काढा, असं समोरच्या घरातले सुचवतात. त्यासाठी रीतसर परवानगी लागते. शहरातल्या झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ पासून कायदा आहे. मला तो फार आवडतो.

जूनच्या पहिल्या पावसात मी तारेखाली पारिजातक आणि कांचन लावले. दोन्ही आटोपशीर झाडं. गुलमोहर द्यायला एकजण आला होता, त्याला मैदानाचा रस्ता दाखवला. खड्डे खणताना दर दोन फावड्यांनंतर वर पाहत होतो. बायको म्हणाली, मान धरेल.

जुलैत आळ्यातलं तण काढायला बसलो, तर तारेच्या बरोबर खाली, एका रेषेत, कडुनिंबाची सात रोपं. माझी नव्हेत. पक्षी निंबोळ्या खाऊन तारेवर बसतात आणि बिया तिथूनच खाली टाकतात. सहा उपटली. सातव्याला चार पानं आली आहेत, करवती कडांची, तांबूस.