चार बाइटचा मास्क
आजचा दिवस डीएचसीपी क्लायंट, म्हणजे नेटवर्कवरच्या सर्व्हरकडून मशीनसाठी आयपी पत्ता मागून घेणारा प्रोग्राम, अपडेट करण्यात गेला. मशीन नेटवर्कला जोडलं की आपसूक आयपी मिळतो, त्यामुळे या प्रोग्रामकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पण तो बहुतेक वेळा रूट म्हणून, म्हणजे सगळ्या अधिकारांनिशी, चालतो आणि जो पहिलं उत्तर देईल त्याच्यावर सहसा विश्वास ठेवून मोकळा होतो.

घोळ कुठे होतो ते बघा. सर्व्हरच्या उत्तरातला ऑप्शन, म्हणजे एकेक सेटिंग, असा असतो: एक बाइट कोड, एक बाइट लांबी, मग डेटा. सबनेट मास्कचा (आयपीचा कुठला भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा) कोड 1, लांबी 4, पुढे 255 255 255 0. आता कुणी लांबीच्या जागी 200 लिहून मागे 200 बाइट चिकटवले तर? 2009 मध्ये आयएससी या संस्थेच्या डीएचक्लायंट नावाच्या डीएचसीपी क्लायंटमध्ये नेमकं हेच सापडलं, त्रुटीचा नोंदणी क्रमांक सीव्हीई-2009-0692. लांबी न तपासता मास्क स्टॅकवरच्या (प्रोग्रामच्या कामचलाऊ मेमरीतल्या) ठरावीक आकाराच्या बफरमध्ये, म्हणजे राखीव जागेत, कॉपी व्हायचा. बफर सांडला की रिटर्न ॲड्रेसवर, म्हणजे फंक्शन संपल्यावर कुठे परतायचं त्या पत्त्यावर, दुसरंच काही लिहिलं जातं. स्टॅक प्रोटेक्टर (असं सांडणं ओळखून प्रोग्राम थांबवणारी सोय) असेल तर नुसता क्रॅश, नसेल तर पुढे काय चालवायचं ते हल्लेखोर ठरवणार. तपासणीची एक ओळ राहिली, बस्स!

फायरवॉलमध्ये पोर्ट 68, म्हणजे क्लायंटला उत्तरं येतात तो पोर्ट, बंद करून भागत नाही. हा क्लायंट रॉ सॉकेटवरून थेट पॅकेट उचलतो, आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलच्या आधीच. स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (खोट्या सर्व्हरची उत्तरं अडवणारी सोय) चालू करा आणि फक्त खऱ्या सर्व्हरकडे जाणारा स्विचचा पोर्ट ट्रस्टेड ठेवा.

आणि हो, पॅकेज बदललं तरी जुनी प्रोसेस मेमरीत तशीच बसलेली असते. ती रीस्टार्ट झाल्याशिवाय पॅच लागला असं धरू नका. लांबच्या मशीनवर हे करताना कन्सोल, म्हणजे नेटवर्कशिवाय मशीनपर्यंत पोचायची वाट, हाताशी ठेवा. लीज, म्हणजे मुदतीवर मिळालेला आयपी, सुटली तर एसएसएच म्हणजे दुरून लॉगिनही गेलं.