तुम्ही विचारलंत म्हणून: मटणाच्या जेवणावर दही का नाही

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, मूळचे अलिबागकडचे. घरी जेवायला आलेलं कोणी ना कोणी हमखास विचारतं, की तुमच्या तोरात, म्हणजे मोशेच्या पाच धर्मग्रंथांत, मटण आणि दूध एकत्र खाऊ नका असं कुठंय? खरंच नाहीये. तिथे एवढंच आहे की करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नकोस. तीनदा आहे पण एवढंच. आणि आमची आई मात्र मटणाच्या रश्शाला नारळ खवून, वाटून, फडक्यातून पिळून त्याचंच दूध घालायची, त्या जेवणावर दही मागितलं की म्हणायची, आपल्यात चालत नाही.

तर लेखी तोराच्या जोडीला तोंडी तोरा पण आहे, करडाच्या ओळीचा अर्थ मांस आणि दूध एकत्र नको असा तिनेच लावला, आणि मोशेला सिनाय डोंगरावर दोन्ही मिळाल्या असं आम्ही मानतो. तोंडी होती ती गुरूकडून शिष्याकडे पाठांतराने आली, ती लिहायची नाही असाच दंडक होता, पण सन ७० मध्ये यरुशलेमचं मंदिर पडलं, नंतर बंडं झाली, माणसं पांगली, आणि साधारण सन २०० च्या सुमारास रब्बी (म्हणजे यहुदी धर्मगुरू) यहूदा हनासी यांनी ते सगळं मिश्ना म्हणून नीट लावलं. पुढे त्यावर शेकडो वर्षं जी चर्चा चालली ती धरून तालमूद.

तालमुदातलीच एक गोष्ट मला फार आवडते. एक परका माणूस हिल्लेल नावाच्या जुन्या यहुदी गुरूकडे आला, म्हणाला मला यहुदी करून घ्या पण फक्त लेखी तोरा शिकवा, तोंडीवर माझा विश्वास नाही. हिल्लेलने पहिल्या दिवशी त्याला आलेफ, बेथ, गिमेल, दालेथ ही हिब्रू अक्षरं शिकवली आणि दुसऱ्या दिवशी तीच उलटी सांगितली. तो म्हणाला, काल तर असं नव्हतं! हिल्लेल म्हणाला, म्हणजे अक्षर कुठलं हे तू माझ्या तोंडावर विश्वास ठेवूनच मानलंस ना, मग बाकीचंही मान.

आमचे पूर्वज कोकणात तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. हातात पोथी नव्हती असं सांगतात, शेमाची, म्हणजे देव एकच आहे या प्रार्थनेची, ओळ तेवढी तोंडात राहिली, तिच्यासोबत सुंता, शब्बाथचा विसावा आणि खाण्याचे नियम. पण तालमूद आमच्यापर्यंत फार उशिरा पोचला, त्यामुळे इस्राएलला गेलेल्या आमच्या लोकांच्या लग्नांवर १९६० नंतर तिथल्या रब्बींनी शंका काढली, कारण काडीमोडाचे आणि विधवेने दिराशी लग्न करण्याबद्दलचे तोंडी परंपरेतले नियम आम्ही पाळले असतील याची त्यांना खात्री नव्हती. १९६४ मध्ये ते मिटलं. पण ज्यांनी नुसत्या तोंडी आठवणीवर इतकी शतकं धर्म टिकवला त्यांनाच तोंडी परंपरेवरून अडवलं, हे मला आजही लागतं.

आईला मिश्ना हा शब्दही माहीत नव्हता, पण घरात मटण यायच्या आधी ती नारळ फोडून ठेवायची.