गोळी निघाली की रेघ तुटते : स्मार्ट स्ट्रिपचं काम कुठवर आलंय

स्ट्रिपमधली कोणती गोळी कधी काढली ते सांगणारा माझा छापील रेघांचा कागद आता दहाही गोळ्यांची खबर नीट देतो, म्हणून इथवरचं सगळं एकदा मांडतो.

गोळ्यांच्या स्ट्रिपच्या पाठीमागे, फॉइलवर, एक पातळ कागद चिकटवायचा. कागदावर कार्बनच्या शाईने रेघा छापलेल्या, प्रत्येक गोळीमागून एक. गोळी दाबून काढली की फॉइलबरोबर कागद फाटतो, रेघ तुटते आणि कोणती गोळी किती वाजता निघाली ते नोंदलं जातं. शाईची बाजू बाहेर हवी. ॲल्युमिनियमला टेकली तर सगळ्या रेघा एकमेकींना शॉर्ट होतील.

वेळेवर गोळी बाहेर देणारे, मोटरवर फिरणारे डिस्पेन्सर आपल्यापैकी बऱ्याच जणांनी केलेत. त्यात मात्र गोळी स्ट्रिपमधून काढून थ्रीडी प्रिंट केलेल्या कप्प्यात ठेवावी लागते. एफडीएम (वितळलेल्या प्लास्टिकचे थर रचणाऱ्या) प्रिंटच्या थरांमधल्या खाचांत गोळीची भुकटी अडकते, वर आपल्याकडचा पावसाळा. सीलबंद आलेलं औषध घेण्याच्या क्षणापर्यंत सीलबंदच राहावं, असं माझं ठाम मत आहे. क्षयरोगाच्या रुग्णांसाठी मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियात आकाराला आलेल्या ९९डॉट्सनेही स्ट्रिप तशीच ठेवली होती. तिच्याभोवती छापील कागदी वेष्टन, गोळी काढली की आत लपलेला फोन नंबर दिसतो, आणि रुग्ण त्यावर मिस्ड कॉल देतो. इलेक्ट्रॉनिक्सचा एकही भाग नाही! माझ्या कागदात ते कॉलचं काम रेघ करते, एवढाच फरक.

छपाई लग्नपत्रिकांची करतात तशीच : लाकडी चौकट, ताणलेली जाळी आणि शाई जाळीतून दाबणारी रबरी पट्टी, म्हणजे स्क्वीजी. २०१३ साली टोकियो विद्यापीठ, जॉर्जिया टेक आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी घरगुती इंकजेट प्रिंटरमध्ये चांदीच्या नॅनोकणांची शाई भरून फोटो पेपरवर सर्किटं छापली होती. ते काम फार देखणं आहे, पण इथे चांदीची गरज नाही. आपल्याला फक्त रेघ जोडलेली आहे की तुटली, एवढंच हवंय. माझ्या शाईचा रोध रेघेच्या रुंदीएवढ्या दर चौकोनामागे सुमारे ५० ओहम. ६० मिमी लांब आणि १ मिमी रुंद रेघ म्हणजे ६० चौकोन, म्हणजे ३ किलोओहम. वर १०० किलोओहमचा पुल-अप (रेघ बॅटरीच्या धन टोकाला जोडणारा रोधक) लावला की ३ व्होल्टवर अखंड रेघ ०.१ व्होल्टच्या आत वाचते आणि तुटलेली थेट ३ व्होल्ट दाखवते. छपाई थोडी जाड-बारीक झाली तरी काही अडत नाही.

खरी मेहनत फाटण्यावर आहे. प्रत्येक गोळीमागे ब्लेडने अर्धगोल काप दिलाय, मधे जेमतेम दीड मिलिमीटरचा कागद न कापता ठेवलाय, आणि रेघ नेमकी त्या अरुंद पुलावरून जाते. दाब आला की आधी पूलच तुटतो. मात्र फाटलेली कड परत जागेवर बसली तर कार्बनला कार्बन टेकून रेघ पुन्हा जोडल्यासारखी वाचते. म्हणून प्रोग्रॅममध्ये एकदा तुटलेली रेघ कायम तुटलेलीच धरलीय. अकरावी रेघ कोणत्याही गोळीमागून जात नाही. ती पहारेकरी. तीही तुटलेली दिसली तर कागद सर्किटला जोडणारा कनेक्टर सैल झालाय असं समजायचं आणि काहीच नोंदवायचं नाही.

रेघा वाचायला एनआरएफ५२ ही ब्लूटूथवाली चिप आणि सीआर२०३२ हा बटण सेल. अकरा पुल-अप सतत चालू ठेवले तर ०.३३ मिलिअँपिअर जातात आणि २२० मिलिअँपिअर-तासांचा सेल महिनाभरही पुरत नाही. त्यामुळे पुल-अपना वीज एका पिनवरून, मिनिटातून एकदा, वाचण्यापुरतीच.

स्ट्रिप धरणारी थ्रीडी प्रिंट केलेली क्लिप पीईटीजी प्लास्टिकची. नेहमीचं पीएलए प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, उन्हात उभ्या गाडीत ते टिकत नाही. क्लिपची जीभ आडवी झोपवून प्रिंट करा, म्हणजे थर तिच्या लांबीने जातात. उभी केली तर ती थराच्या जोडावरच मोडते.

गोळी निघाली म्हणजे पोटात गेली असं नाही. ती गेली की नाही, हे मात्र हा कागद सांगू शकत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या अॅबिलिफाय मायसाइट या औषधात गोळीतच वाळूच्या कणाएवढा सेन्सर होता. जठररस लागला की त्यातल्या मॅग्नेशियम आणि तांब्याच्या संयुगामुळे क्षीण संकेत निघायचा आणि अंगावरचा पॅच तो टिपायचा. त्या वाटेला घरी कोणी जाऊ नये. माझ्या सगळ्या चाचण्या व्हिटॅमिन सीच्या स्ट्रिपवर आहेत, आणि कोणाच्या चालू औषधाला हा कागद मी लावणार नाही.

पुढचं काम दमटपणाचं. ओल्या हवेत कागद फुगतो, पूल लवचिक होतो आणि फाटण्याऐवजी ताणला जातो. रेघांवर पातळ ॲक्रिलिक लॅकर मारून पाहणार आहे, पूल तेवढा सोडून. रेझिन कोटेड (प्लास्टिकचा थर दिलेल्या) कागदावर कोणी काप देऊन पाहिला असेल तर कडा कशा फाटतात ते जरूर सांगा.